सगुणाबाईंची सहा फुटी पाहुणी

सगुणाबाई खोटं बोलल्या ते रविवारी, नांद्याला, व्याह्यांच्या ओट्यावर, हातात चहाची बशी असताना.

"आमची नवी पोरगी सहा फूट दोन इंच हाय."

एवढंच. बोलून झालं आणि बशीतला चहा त्यांनी एका घोटात संपवला. जीभ भाजली, पण तोंडावर दाखवलं नाही.

दोष त्यांचा नव्हता असं कुणी म्हणू नये. होता. पण गेणबांनी डिवचलं नसतं तर ही वेळ आली नसती, हेही तेवढंच खरं. गेणबा म्हणजे सगुणाबाईंच्या थोरल्या लेकीचे सासरे. नांद्याकडच्या कॉलेजात मुलींची बास्केटबॉलची टीम आहे, तिचे ते कट्टर पाठीराखे. नेऱ्याच्या वरच्या अंगाला जे कॉलेज आहे, त्याच्या टीमच्या सगुणाबाई. दोन गावं, दोन टीम, आणि मध्ये दिलेली लेक. जानेवारीत नांद्यानं नेऱ्याला एकवीस गुणांनी लोळवलं, तेव्हापासून गेणबांच्या मिशीचा पीळ काही उतरत नव्हता.

"विहीणबाई, तुमच्या पोरी चांगल्या हायेत हो," ते म्हणाले होते, "पर लवंगी फटाकडी ती. आमच्या पोरी उभ्या राह्यल्या तर सावली पडती. तुमच्या त्यांच्या काखेखालनं पळत्यात, आमच्यांना पत्ताबी लागत न्हाई."

ओट्यावरची चार माणसं हसली. दारात उभी असलेली लेक आईकडं बघून डोळ्यांनीच म्हणत होती, गप बस, आई. सगुणाबाईंना ते दिसलं. पण गप्प बसणं या बाईला कधी जमलंय? नेऱ्याचं कॉलेज बांधलं तेव्हा कंपाउंडच्या भिंतीनं शेताकडं जाणारी पाणंद गिळली होती. गावातले बाप्ये तलाठ्याच्या नावानं बोटं मोडत चहा पीत बसले आणि हिनं जेसीबीपुढं खुर्ची टाकली. प्लास्टिकची, लाल. अकरा दिवस बसली. बाराव्या दिवशी भिंत नऊ फूट मागं सरली. आज त्या नऊ फुटांतून ट्रॅक्टर जातात आणि त्यावर तेच बाप्ये ऐटीत बसलेले असतात.

तीच लाल खुर्ची पुढं बास्केटबॉलच्या कोर्टाकडेला गेली. ते कोर्ट जिथं आहे तिथं आधी सगुणाबाईंचं आंबेमोहराचं खाचर होतं. दिरांनी मिळून ते विकलं. आलेल्या पैशातून घरामागं आठ खोल्या उठल्या, खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी पोरं-पोरी भाडेकरू म्हणून आली. पण सकाळी उठून खाचराकडं बघायची डोळ्यांची सवय गेली नाही. एक दिवस भिंतीवरून उडून आलेला चेंडू वाळत घातलेल्या कुरडयांवर पडला. सगुणाबाईंनी तो जप्त केला. दोन दिवसांनी कोच रजनी मॅडम मागायला आल्या, मूळच्या कोल्हापूरच्या, त्याही काही कमी नव्हत्या.

"चेंडू देती," सगुणाबाई म्हणाल्या, "पर माझ्या खाचरात तुमी ह्याचं काय करता त्ये आधी दावा."

मॅडमनी दाखवलं. सगुणाबाई खुर्ची घेऊन बघायला गेल्या, त्याला सहा वर्षं झाली. आता चेंडू जाळीतून खाली आला की कोर्टावर पहिला आवाज त्यांचा असतो, "टोपल्यात!" आणि मागून पन्नास गाववाले ओरडतात, "टोपल्यात!" पुण्याहून आलेल्या टीमना आधी वाटायचं भांडण लागलं.

तर या वर्षी पहिल्यांदाच बाहेरून नवी खेळाडू येणार होती. किमया नावाची, लातूरकडच्या अहमदपूरची. जिल्ह्यात गाजलेली. कॉलेजच्या हॉस्टेलचं बांधकाम अडलेलं, म्हणून ती राहणार होती सगुणाबाईंच्या आठ नंबरच्या खोलीत. मॅडमनी एवढंच सांगितलं होतं. उंचीचं अवाक्षर नव्हतं. ते सगुणाबाईंच्या तोंडातून, नांद्याच्या ओट्यावर, रागात जन्माला आलं.

ओट्यावरची गोष्ट ओट्यावर राहिली असती तर प्रश्न नव्हता. पण लेकीनं ती फोनवर भावजयीला, म्हणजे पिंकीला सांगितली. पिंकीनं शंभूला सांगितली. शंभू हा सगुणाबाईंचा पुतण्या. त्याच्या मालकीचा एक जेसीबी आहे आणि त्याच्या मंडळाला फ्लेक्स लावायला निमित्त लागतं. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या बैलाचा नंबर, काही चालतं. सोमवारी दुपारी फाट्यावर, महावितरणच्या डीपीशेजारी, वीस फुटी फ्लेक्स चढलासुद्धा.

संध्याकाळी पिंकी सासूला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. वर मोठ्या अक्षरात, "नेऱ्याची नवी तोफ! हार्दिक स्वागत!" खाली, त्याहून मोठ्या अक्षरात, "उंची ६ फूट २ इंच". मध्ये किमयाचं तोंड. तोंड तिचंच होतं, मॅडमच्या स्टेटसवरून उचललेलं. मानेखालचं धड मात्र कुण्या परदेशी खेळाडूचं, फ्लेक्सवाल्यानं आपल्या अकलेनं जोडलेलं. तळाला ओळीनं अठरा शुभेच्छुकांचे फोटो, काळे चष्मे लावून.

"कसं वाटतंय, आई?" पिंकीनं विचारलं.

सगुणाबाईंना खरं तर बरं वाटलं. हे लपवून उपयोग नाही. सोमवारच्या संध्याकाळी, फ्लेक्सखाली उभ्या राहून, त्यांचा स्वतःच्या खोट्यावर विश्वास बसला. बास्केटबॉलची पोरगी, जिल्ह्यात गाजलेली, म्हणजे असणारच की सहा फुटी. नसायला काय झालं?

मंगळवारी सकाळी ते कळलं. किमयाच्या आईचा, सुनीतीताईंचा फोन आला. अंगणवाडीत काम करणारी बाई, हळू आवाजात बोलणारी. जेवणाचं विचारलं, पाण्याचं विचारलं, खोलीला आतून कडी आहे का विचारलं. मग म्हणाल्या, "एक सांगायचं होतं. दोन वर्षांमागं हिची एका अकादमीत निवड झाली होती. सगळं गाव एसटीवर पोचवायला आलं. तिथं पोचली तर दारातच मोजपट्टीला उभी केली. पाच फूट तीन. म्हणाले, कागदावर जास्त लिहिलंय कुणीतरी. त्याच दिवशी परत पाठवली. सहा महिने चेंडूला हात लावला नाही हो पोरीनं. आता कशीबशी तयार झालीय. तिथं कुणी उंचीवरून काही बोलणार नाही ना? ती भांडत नाही, रडत नाही. नुसती बॅग उचलते. मग ती कुणाचं ऐकत नाही."

सगुणाबाईंच्या कानाला लागलेला फोन गरम झाला.

"काय काळजी करू नका, ताई," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी येतीय ती."

फोन ठेवला आणि त्या पायरीवर बसल्या. पाच फूट तीन. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, पिंकीनं तशाच वाढल्या.  किमया गुरुवारी येणार होती. फाट्यावरच उतरणार होती. आणि उतरल्याबरोबर तिच्या डोळ्यांसमोर ती वीस फुटी मोजपट्टी टांगलेली असणार होती, तिचंच तोंड लावून.

बुधवारी त्या शंभूकडं गेल्या. तो जेसीबीला ग्रीस लावत होता.

"शंभू, त्यो फ्लेक्स उतरव."

"का वं, काकू?"

इथंच सांगायचं होतं. मी खोटं बोलले, एवढे तीन शब्द. जेसीबीपुढं अकरा दिवस बसलेली बाई, पण ते तीन शब्द काही निघेनात.

"पावसानं फाटंल," त्या म्हणाल्या.

"काकू, डबल कोटिंग हाय! पुढच्या श्रावणापर्यंत टिकतोय."

"वाऱ्यानं कुणाच्या डोक्यात पडंल."

"सोळा दोऱ्या मारल्यात. तुमी नका टेन्शन घेऊ. उद्या बघा तरी काय करतो. हलगी सांगितलीय. बकेटमधनं फुलं टाकायची, पन्नास किलो झेंडू. आन् नांद्यावरनं बी येनार हायेत लोकं, तुमचं व्याही स्वतः."

"त्यांचं काय काम?"

शंभू हसला. "म्हनले, सहा फूट दोन इंच असंल तर मी तिच्या पाया पडीन. टेप घिऊन येतोय म्हनले. मोजून बघनार."

सगुणाबाई घरी कशा आल्या त्यांना आठवत नाही. टेप. पोरगी बसमधून उतरणार, आणि समोर टेप.

गुरुवारी पहाटे, फटफटायच्या सुमाराला, त्यांनी लांब बांबूला विळा बांधला आणि फाट्यावर गेल्या. पदर खोचला. बांबू वर केला. वीस फुटांपर्यंत काही पोचेना, पण खालच्या कोपऱ्याची एक दोरी विळ्यात सापडली आणि तुटली. कोपरा फडफडला. दुसऱ्या दोरीला विळा लावतायत तोवर दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल येऊन थांबली. विश्राम, सकाळचं दूध घालणारा.

"मावशी? काय चाललंय सकाळ सकाळ?"

"दोरी सुटली व्हती," सगुणाबाई म्हणाल्या. "आवळतीय."

"या वयात कशाला? सरका." आणि त्या भल्या माणसानं गाडी स्टँडला लावली, खांबावर चढला, तुटलेली दोरी बांधली, शिवाय स्वतःकडची नायलॉनची दोरी काढून सगळा कोपरा असा काही आवळला की फ्लेक्सवरची सुरकुती गेली. ६ फूट २ इंच पहिल्यापेक्षा ठसठशीत दिसायला लागलं. "आता वादळ आलं तरी हालनार न्हाई," म्हणून तो निघून गेला.

एक खोटं मारायला गेलेली बाई दुसरं बोलून परत आली.

आता एकच वाट होती. पोरीला फाट्यावर उतरूच द्यायचं नाही, अलीकडं मारुंजीतच उतरायला सांगायचं. त्यांनी किमयाला फोन लावला. बंद. रजनी मॅडमना लावला. मॅडम सोमवारपासून विद्यापीठाच्या कामाला पुण्यात, आत्ता अर्ज भरायच्या रांगेत. "रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये होती ना, चार्जिंग संपलं असेल. वाकडला उतरून बसनं येणार आहे, अकराच्या आसपास फाट्यावर. तुम्ही असाल ना, आजी? मला यायला दुपार होईल."

"हाय मी," सगुणाबाई म्हणाल्या. "पर मॅडम, तिची उंची—"

"उंचीचं काय?"

"काय न्हाई."

दहालाच फाटा भरला. हलगीवाले शेकोटी करून हलगी तापवत होते. जेसीबीची बकेट झेंडूनं भरून वर उचललेली, आत शंभू, एक पाय बाहेर टाकून. टीममधल्या पोरी युनिफॉर्म घालून आलेल्या, त्यांची कॅप्टन दिशा सगळ्यांना रांगेत उभं करत होती. तीही फ्लेक्सकडं बघून खूश. इतकी वर्षं टोपल्याखाली उभी राहून उंच पोरींची कोपरं तीच खात होती, आता सहा फुटी आली की तिचा भार हलका होणार होता. म्हणजे तिलाही सांगायला हवं होतं. कुणाकुणाला सांगायचं?

सगुणाबाईंच्या हातात ताट. निरांजन, हळदकुंकू, तांब्यात पाणी आणि भाकरीचा तुकडा. नवं माणूस पहिल्यांदा घरात येताना भाकरतुकडा ओवाळून टाकतात, ही त्यांच्या घरची रीत. नव्या सुनेला ओवाळतात, बाळंतीण लेकीला ओवाळतात. तांब्यातलं पाणी कुंकवात सांडत होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

साडेदहाला नांद्याची जीप आली. गेणबा फेटा बांधून उतरले. कमरेला, पिस्तूल लावावं तसा, गवंड्याचा स्टीलचा टेप.

"रामराम, विहीणबाई! कुटंय ती सहा फुटी?"

"येतीय."

"तोंड का उतरलंय मग?"

"ऊन लागतंय."

गेणबांनी वर पाहिलं. आभाळ भरून आलेलं होतं. त्यांनी टेपचा खटका एकदा दाबून सोडला. सर्रकन पाती आत गेली. 

अकरा दहाला बस आली. हलगी कडाडली. दोनशे माणसांच्या माना वर झाल्या. बसच्या दारातून माणसं उतरत होती आणि सगळा फाटा त्यांच्या डोक्यांच्या वरच्या मोकळ्या हवेत सहा फुटी पोरगी शोधत होता. दोन बायका उतरल्या. एक म्हातारा. लॅपटॉपच्या बॅगा लावलेली तीन पोरं. मग निळं जर्किन घातलेली एक बारीकशी पोरगी, पाठीवर सॅक, हातात जाळीची पिशवी. कंडक्टरनं घंटी मारली. बस गेली.

"आली न्हाई वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"ह्या बसला नसंल. पुढच्या बसला असंल."

दोनशे माणसांत खाली बघणाऱ्या एकट्या सगुणाबाई होत्या. जाळीच्या पिशवीत चेंडू होता.

पोरगी रस्त्याच्या पलीकडं वडापावच्या गाडीजवळ उभी राहिली आणि हलगी कशाची म्हणून इकडंतिकडं बघायला लागली. मग तिला फ्लेक्स दिसला. स्वतःचं तोंड दिसलं. तिची नजर हळूहळू खाली आली, परक्या धडावरून, आणि आकड्यावर थांबली.

सगुणाबाईंच्या तोंडात हाक आली होती. पण हाक मारली असती तर दोनशे माणसं वळली असती आणि टेपवाला पहिला. त्यांनी हाक गिळली आणि गर्दीतून वाट काढायला लागल्या, ताट छातीशी धरून. "काकू, कुठं निघाल्या?" "आले, आले."

पोरीनं पिशवी खांद्याला अडकवली. तोंडावर काहीच नव्हतं, राग नाही, रडू नाही. हिंजवडीकडं जाणारी टमटम उभी होती. ती आत जाऊन बसली. रिक्षावाल्यानं गिअर टाकला आणि सगुणाबाईंनी, साठीच्या बाईनं, चालत्या टमटममध्ये उडी मारली. ताटातलं निरांजन विझलं.

मारुंजीचं वळण येईपर्यंत दोघी तशाच बसल्या, शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा. पोरीनं एकदा ताटाकडं पाहिलं.

"आजी, देवळात निघालात का?"

"न्हाई. पाहुणीला ओवाळायला आले व्हते."

"मग?"

"पाहुणी परत निघालीय."

पोरीचा हात जाळीवर घट्ट झाला.

"तू किमया. मी सगुणाबाई, आठ नंबरच्या खोलीवाली. तुझ्या आईचा फोन आला व्हता मला."

किमया बाहेर बघत राहिली. "तुम्हाला सहा फुटाची पाहिजे होती. मॅडमनी मला तसं सांगितलं असतं तर मी आलेच नसते."

"मॅडमनी न्हाई सांगितलं कुनाला. मी सांगितलं. माझ्या तोंडातनं निघालं ते. मॅडमला आजून ठाऊक न्हाई."

"का?"

एवढासा प्रश्न. मंगळवारपासून हाच प्रश्न येणार म्हणून त्या उत्तरं जुळवत होत्या. आता एकही धड वाटेना.

"माझं व्याही हायेत नांद्याचं. ते आमच्या पोरींना लवंगी फटाकडी म्हनलं. मला सहन झालं न्हाई."

किमयानं पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला त्यांचं पटलं होतं," ती म्हणाली. "लवंगी चालत नाही, हे. नाहीतर सहा फूट कशाला सांगितलं असतं?"

टमटम खड्ड्यात गेली आणि वर आली.  तलाठ्यापुढं, सरपंचापुढं, कॉलेजच्या कोट घातलेल्या माणसांपुढं ज्यांना शब्द कमी पडला नाही, त्या बाईच्या तोंडाला ह्या अठरा वर्षांच्या पोरीनं कुलूप घातलं. पोरगी खोटं बोलत नव्हती ना. सहा वर्षं त्या लाल खुर्चीवर बसून दिशाला, सगळ्या बुटक्या पोरींना टाळ्या वाजवत होत्या आणि मनात कुठंतरी गेणबाचाच टेप ठेवून होत्या.

"थांबव रे," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या.

"मावशी, हितं स्टॉप न्हाई. मागं डंपर बोंबलतोय."

"बोंबलू दे. थांबव!" टमटम थांबली. "किमया, तू नगं राहूस. तुला जायचं तर जा. पर आधी माझ्यासंगं फाट्यावर चल. मी तितं सगळ्यांपुढं खरं सांगनार हाय. ते ऐक, मग पुढच्या गाडीनं जा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर हे निरांजन तुझं. चांदीचं हाय, लेकीच्या लग्नातलं."

किमया हसली नाही. पण रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवायच्या आत ती खाली उतरली होती.

दोघी चालत निघाल्या. बुरबुर पाऊस. रस्त्याला फूटपाथ नावाची गोष्ट नाही, एका बाजूला नव्या बिल्डिंगच्या स्कीमचे पत्रे, दुसऱ्या बाजूला खडीचे डंपर. सगुणाबाई मनातल्या मनात वाक्य घोकत होत्या आणि घोकलेलं दर दहा पावलांवर विसरत होत्या. समोरून डंपर आला, कडेला टेम्पो उभा, मध्ये हातभर जागा. सगुणाबाई थांबल्या. किमयानं चेंडूची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, खांदा वळवला आणि चाल न मोडता त्या फटीतून पलीकडं गेली. चिखलाचा शिंतोडा नाही. डंपरवाल्याला तिथं माणूस होतं हेसुद्धा कळलं नसेल.

आमच्यांना पत्ताबी लागत न्हाई. गेणबाचंच वाक्य सगुणाबाईंना आठवलं. हे वाईट कसं काय झालं बरं?

पण आता कौतुक करायचा हक्क नव्हता त्यांना.

फाट्यावर गर्दी तशीच होती, जरा वैतागलेली. दिशा धावत आली. "आजी, कुठं होतात? तिचा फोन लागत नाहीये!" हलगीवाले विड्या ओढत बसलेले. गेणबा जीपच्या बोनेटवर टेकून टेप उघडझाप करत होते. "विहीणबाई, पळाली वाटतं तुमची तोफ?"

सगुणाबाईंनी ताट वडापावच्या गाडीवर ठेवलं. फ्लेक्सखालच्या कट्ट्यावर चढल्या.  जेसीबीपुढं बसणं सोपं होतं, कारण तेव्हा त्या खऱ्या होत्या.

"ऐका!" आवाज फाटला. पुन्हा म्हणाल्या, "ऐका रं समदे. ह्यो आकडा खोटा हाय."

लोकांनी वर फ्लेक्सकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"पोरगी पाच फूट तीन इंच हाय. मला कुनी सांगितलं नव्हतं सहा फूट. मी माझ्या मनानं ठोकून दिलं, व्याह्यांच्या वट्यावर, रागात. मंगळवारपासनं मला खरं ठाऊक हाय, तरी मी तोंड शिवून बसले. शंभूची चूक न्हाई. मॅडमची न्हाई. पोरीची तर न्हाईच न्हाई. मी खोटं बोलले."

कुणी खाकरलं. कुणी हसू दाबलं. पिंकीनं पदर तोंडाला लावला. शंभूचा चेहरा वीस फुटी फ्लेक्ससारखाच ताणला गेला.

गेणबा बोनेटवरून उठले. अशी संधी त्यांना जन्मात मिळाली नव्हती. "आवं, मग पाच तीन तरी खरं कशावरनं? पोरगी कुटंय? आनलाच हाय टेप तर मोजून—"

"मोजायचंय?" सगुणाबाई कट्ट्यावरून उतरल्या आणि थेट त्यांच्यापुढं जाऊन ताठ उभ्या राहिल्या. "खोटं मी बोलले, मला मोजा. लावा टेप. टाचंपासनं लावा. बघू विहीण किती फुटी हाय."

गेणबांचा हात हवेत राहिला. व्याह्यानं, भर फाट्यावर, दोनशे माणसांदेखत, विहिणीच्या अंगाला टेप लावायचा? ते मागं सरकले. सगुणाबाई पुढं सरकल्या. ते आणखी मागं सरकले आणि जीपला टेकले. आधी दिशा हसली, मग सगळ्या पोरी, मग हलगीवाले. गेणबांचं तोंड झेंडूसारखं झालं. "काय विहीणबाई तुमी बी," म्हणत त्यांनी टेप खिशात कोंबला.

शंभूला वाटलं, हसले म्हणजे झालं. त्यानं दांडा ओढला आणि पन्नास किलो झेंडू जिथं कुणीच नव्हतं तिथं, रस्त्याच्या मधोमध, धपकन पडला.

तोवर सगुणाबाईंची नजर मागं गेली होती. किमया वडापावच्या गाडीजवळ उभी होती, सॅक पाठीवरच. लोकांना आता ती दिसली होती. दोनशे डोकी तिच्याकडं वळली. ही वेळ यायला नको म्हणून सगुणाबाईंनी तीन दिवस तडफड केली होती, आणि ती आलीच.

हिंजवडीकडं जाणारी दुसरी टमटम येऊन थांबली. रिक्षावाला ओरडला, "हिंजवडी, वाकड, चला बसा!"

 किमयानं टमटमकडं पाहिलं, फ्लेक्सकडं पाहिलं.

"हे काढणार आहात का?" तिनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"आत्ताच्या आत्ता!" शंभू म्हणाला आणि बकेट वर नेली. फ्लेक्स काही पटकन निघाला नाही. एका कोपऱ्याची नायलॉनची दोरी सुटता सुटेना, शेवटी कोयता मागवावा लागला. तेवढा वेळ किमया तिथंच उभी होती. टमटमवाला दोनदा ओरडून निघून गेला. सगुणाबाईंनी विश्रामला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

मग दिशा पुढं झाली. तिनं जाळीच्या पिशवीकडं बोट दाखवलं, "चेंडू स्वतःचा आणलास? आपल्याकडचे सगळे गुळगुळीत झालेत," म्हणाली आणि सॅकचा एक पट्टा धरला. किमयानं तो ओढून घेतला नाही. एवढंच झालं. हलगी परत वाजवायची नाही, असं दिशानंच हातानं खुणावलं.

आठ नंबरच्या दारात सगुणाबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. एरवी पोरांच्या डोक्यावरून हात न्यायला त्यांना टाचा उचलाव्या लागतात. आज लागल्या नाहीत. तुकडा पावसानं भिजून लगदा झालेला, तोच लांब फेकला.

किमया आत गेली. सॅक कोपऱ्यात ठेवली, उघडली नाही. चेंडू पिशवीतून काढला नाही. सगुणाबाईंनी जेवण वाढलं, ती अर्धी भाकरी जेवली. "झोपते थोडी," म्हणाली आणि दार लोटलं. कडी लावली नाही. म्हणजे राहणार, की निघायला सोपं जावं म्हणून? सगुणाबाई बाहेर तांदूळ निवडत बसल्या. चार वाजताची बस गेली. साडेचारची गेली. प्रत्येक बसच्या हॉर्नला त्यांच्या हातातले तांदूळ थांबायचे.

पाचच्या सुमाराला आतून फोनवर बोलण्याचा आवाज आला. दार अर्धवट होतं, ऐकायचं नव्हतं तरी ऐकू आलं.

"पोचले गं... हो, आले होते घ्यायला. खूप लोक... नाही, उंचीचं... हो, झालं थोडं... नाही, मी नाही, त्याच रडायच्या बाकी होत्या... आजी? आजी माझ्यापेक्षा बुटकी आहे... बघते. आत्ता काही विचारू नको. बघते म्हणाले ना."

सगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. 'बघते'चं काय करायचं त्यांना समजेना. पदरानं चेहरा पुसला आणि परत सूप हातात घेतलं, उगाच.

दार उघडलं. किमया उंबऱ्यात उभी होती, हातात रिकामी बादली.

"आजी, इथं सकाळी पाणी किती वाजता येतं?"

"पावनेसहाला," सगुणाबाई घाईघाईनं म्हणाल्या. आणि लगेच थांबल्या. ह्या पोरीपुढं उगाच एकही शब्द जास्त जाऊ द्यायचा नव्हता. "कधी सहाला बी येतं. आन् आठवड्यातनं दोनदा येतच न्हाई. खरं सांगते."

किमयानं बादली नळाखाली नेऊन ठेवली.